सावकाराची वही आणि संगणकाची वही

इतिहास शिकवणाऱ्या माणसाकडे लोक सहसा व्यवहाराचा सल्ला मागायला येत नाहीत. आले तर एखाद्या गढीचा काळ विचारतात, नाहीतर घराण्याची वंशावळ दाखवतात. म्हणून शिरूरकडचा माझा एक जुना विद्यार्थी हातात जाडजूड फाईल घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटले, ताम्रपट सापडला असावा. फाईल उघडली, तर आत तीन दरपत्रके निघाली. हा गृहस्थ आता शेतकऱ्यांच्या एका उत्पादक कंपनीचा संचालक आहे. गावोगावचा कांदा आणि मका गोळा करायचा, साठवायचा, बरा भाव आला की विकायचा, असा त्यांचा धंदा. सौदे वाढले, तशा हिशेबाच्या वह्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा मालाचे सौदे आणि त्यातली जोखीम सांभाळणारे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले. तीन कंपन्यांनी तीन भाव दिले. कोणते घ्यावे?

मी म्हटले, ‘अरे, मला त्या यंत्रातले काय कळणार?’

तो म्हणाला, ‘सर, यंत्रातले सांगणारे पुष्कळ आहेत. पण प्रत्येकजण आपलेच यंत्र चांगले म्हणतो. तुम्ही वर्गात सांगायचात ना, की आपल्या भागाने हिशेबाच्या वह्या जाळल्या होत्या म्हणून? ते आठवले, म्हणून आलो.’

पोराने मला बरोबर पकडले. वाचकहो, त्या संध्याकाळी मी त्याला जे सांगितले, तेच आता जरा सविस्तर तुमच्यापुढे मांडतो. तुम्ही शेतकरी असा, व्यापारी असा, की महिन्याच्या पगारावर जगणारे असा. तुमची बाकी कुठल्या तरी वहीत लिहिलेली आहेच. ती वही कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न जितका जुना आहे, तितकाच ताजा.

प्रथम शिरूर आणि दौंड हे दोन तालुके डोळ्यांपुढे आणा. एकीकडे घोड नदी, एकीकडे भीमा. आज कालव्याच्या पाण्यावर ऊस डोलतो, रांजणगावला कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. दीडशे वर्षांपूर्वी मात्र हा सगळा पर्जन्यछायेचा, बाजरी-ज्वारीचा, आभाळाकडे डोळे लावून बसलेला मुलूख होता. दौंडचा बराच भाग तेव्हा जुन्या भीमथडी तालुक्यात मोडत असे. ज्या भीमथडीच्या तट्टांनी कोणे एके काळी हिंदुस्थान पालथा घातला, त्याच भीमथडीचा कुणबी एकोणिसाव्या शतकात बियाण्याला आणि सरकारी साऱ्याला सावकाराच्या ओट्यावर बसू लागला होता.

आता जरा दूरवर जाऊ. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तोवर अमेरिकेतून येई. तो अडला. लँकेशायरचे मागधारी हिंदुस्थानकडे वळले आणि मुंबईत कापसाचे सोने झाले. निर्यात करणारे व्यापारी शहरच्या पेढ्यांना उचल देत, पेढ्या गावच्या सावकाराला देत, सावकार कुळाला देई. कापूस पेरणाऱ्याला एकराला शंभर रुपयांपर्यंत उचल मिळे, असे त्या काळाचे अभ्यासक सांगतात. शिरूर-भीमथडीत कापूस थोडाच होता. पण पैशाला पाय फुटले, की तो पीक विचारीत नाही. रेल्वे १८६० साली दौंडवरून सोलापूरला पोचली होती, बांधकामांवर मजुरी मिळत होती, धान्याचे भाव चढत होते. त्या चढत्या भावांवर कर्जे दिली गेली आणि घेतलीही गेली.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आले आणि मुंबईचा फुगा फुटला. पुढच्या मुदतीचे सौदे करण्याची तेव्हा मुंबईला झिंग चढली होती. बॅकबेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या आसपास गेला होता. १ जुलै १८६५ ही या मुदतीच्या सौद्यांच्या फेडीची तारीख. त्या दिवशी द्यायला कुणाकडेच काही नव्हते. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजा कोसळला, त्यामागे पेढ्या कोसळल्या, आणि खुद्द मुंबई बँकेलाही पुढे गाशा गुंडाळावा लागला.

मुंबईचे हे दिवाळे शिरूरच्या रानात पोचायला वेळ लागला, पण ते पोचले. ज्या साखळीने पैसा खाली आला, त्याच साखळीने तगादा खाली आला. व्यापाऱ्याने पेढीला आवळले, पेढीने सावकाराला, सावकाराने कुळाला. कुळापाशी मात्र आवळायला पुढे कोणीच नव्हते! त्यात १८६७ साली इंदापूर तालुक्यापासून जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. ती आकारणी महागाईच्या दिवसांत, चढे भाव डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. सारा अनेक ठिकाणी निम्म्याने, कुठे दुपटीनेही वाढला. पुढे १८७० नंतर धान्याचे भाव उतरले, सारा मात्र उतरला नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविषयी चौकशी करून आवाज उठवला, पण कागदी उत्तरांपलीकडे त्यातून फारसे निघाले नाही.

येथे मी माझ्या विद्यार्थ्याला थांबवून विचारले, ‘या कथेत शिरूरच्या कुणब्याची चूक कोणती?’ तो विचारात पडला. कुणब्याने मुंबईत सट्टा केला नव्हता. अमेरिका कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तरी अमेरिकेतल्या तहाची किंमत त्याने मोजली. जोखीम म्हणतात ती ही. ज्याने सौदा केला त्याच्याच दारात ती थांबत नाही. साखळीत जो शेवटचा, ज्याला साखळी दिसतच नाही, त्याच्या गळ्यात ती पडते.

आता खुद्द वहीकडे वळू.

सावकाराची वही मोडीत लिहिलेली, नाहीतर त्याच्या स्वतःच्या लिपीत. कुळ निरक्षर. कर्ज घेताना तो रोख्यावर अंगठा उठवी. परतफेड म्हणून बाजरीची पोती आणून टाकी, त्यांची पावती मागण्याची चाल नव्हती. माल कोणत्या भावाने जमा धरला, किती धरला, हे सावकाराची वही सांगे आणि न्यायालय ती वही मानी. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या रोख्यावर तीन वर्षांनंतर दावा चालायचा नाही, असे ठरले. हेतू चांगला, कर्ज वर्षानुवर्षे लोंबकळू नये हा. घडले उलटेच. सावकार दर तीन वर्षांनी जुना रोखा बदलून नवा करून घेऊ लागला, आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसू लागले.

याचे गणित तुम्ही स्वतः करून पाहा. शंभर रुपये कर्ज, शेकडा दरमहा दोन रुपये व्याज. नऊ वर्षे काहीच फेडले नाही, आणि रोखाही बदलला नाही, तर देणे होते ३१६ रुपये. पण दर तीन वर्षांनी रोखा बदलला, तर पहिल्या वेळी १७२, दुसऱ्या वेळी सुमारे २९६, आणि तिसऱ्या वेळी ५०९ रुपये. माणूस तोच, कर्ज तेच, व्याजाचा दरही तोच. फरक फक्त नोंद कशी ठेवली याचा. हिशेबाची रचना ही निरुपद्रवी गोष्ट नसते, हे या तीन आकड्यांवरून समजावे.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी ठिणगी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या गावातल्या वजनदार गृहस्थावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची शेते कसायची नाहीत, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. बहिष्काराचे हे लोण आसपासच्या गावांत पसरले. येथवर सारे शांततेने चालले होते.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजारचा दिवस होता. सुपे आज बारामती तालुक्यात येते. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या लोकांनी तिथल्या सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. त्यांना हवे होते ते कागद. रोखे, वह्या, हुकूमनामे. ते काढले आणि जाळले. मग ही आग भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर आणि पलीकडे नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत अशी पसरत गेली. तीसहून अधिक गावांत दंगे झाले. लष्कर आले, पोलीस चौक्या बसल्या, दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे धरली गेली. काही ठिकाणी घरे आणि गवताच्या गंजी पेटल्या, माणसे जखमी झाली. हे विसरून चालणार नाही आणि त्याचे समर्थनही करण्याचे कारण नाही. त्या सावकारांतही सगळे सारखे नव्हते, आणि त्यांच्याही मानेवर वरच्या पेढीचा हात होता. पण नंतर नेमलेल्या चौकशी समितीने एक गोष्ट टिपून ठेवली आहे. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे जमाव बहुधा पुढे काही न करता निघून गेला. लोकांचे वैर माणसापेक्षा वहीशी अधिक होते.

आणि आता योगायोग पाहा. ज्या १८७५ साली भीमथडीत वह्या जळत होत्या, त्याच साली मुंबईत नव्या वह्या उघडल्या जात होत्या. त्या वर्षी भागांच्या दलालांनी आपली संघटना बांधली. तिचाच पुढे मुंबई शेअर बाजार झाला. त्याच वर्षी कापूस व्यापाऱ्यांनी बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन केले आणि कापसाच्या वायद्यांना नियमांची चौकट मिळाली. दहा वर्षांपूर्वी तोंड पोळलेले व्यापारी शहाणे झाले होते. सौदा कसा लिहायचा, फेड कधी करायची, तंटा कुणी तोडायचा, हे त्यांनी आपापसांत ठरवले. व्यापाऱ्यांना त्यांच्या जोखमीसाठी यंत्रणा मिळाली, कुळाच्या जोखमीसाठी मात्र पेटती काडीच तेवढी उरली. या दोन दृश्यांत साठ-सत्तर कोसांचेही अंतर नाही!

सरकारलाही थोडी जाग आली. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ मधे येऊन गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. आपले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. कायद्याची कलमे वाचताना मला नेहमी नवल वाटते. कर्जाचा कायदा म्हणून तो आपण वाचतो खरा, पण नीट पाहिले तर हिशेबाची वही कशी असावी, याचा तो आराखडाच आहे.

त्यात काय सांगितले? शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकापुढे लिहिला आणि वाचून दाखवला पाहिजे. पैसे जमा केले की पावती दिली पाहिजे. मागेल त्याला वर्षाचा हिशेब आणि पासबुक दिले पाहिजे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, न्यायाधीशाने केवळ शेवटचा रोखा पाहून निकाल द्यायचा नाही. रोख्याच्या मागे जायचे, पहिल्या रुपयापासूनचा व्यवहार उलगडायचा, मुद्दल कोणते आणि व्याज कोणते ते वेगळे काढायचे. कर्जापायी तुरुंग हा प्रकारही या कायद्याने शेतकऱ्यापुरता उठवला.

हा कायदा सर्वगुणसंपन्न होता असे नाही. सावकारांनी वाट काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, म्हणजे कर्जाचा प्रश्नच नको! कोणत्याही यंत्रणेला पळवाट सापडते, हाही इतिहासाचा धडाच. पण चांगल्या वहीची लक्षणे त्या कायद्याने एकदा कागदावर आणली. ती आजही जशीच्या तशी लागू पडतात.

माझा विद्यार्थी म्हणाला, ‘सर, पण आमच्याकडे सावकार कुठे आहे?’

मी म्हटले, ‘तुझी साखळी मांड बरे.’

त्याने मांडली. शेतकऱ्यांना बियाण्यासाठी उचल दिलेली. गोदामात कांदा पडलेला. एका व्यापाऱ्याशी पुढच्या महिन्याचा भाव बांधलेला. मका मद्यार्क काढणाऱ्या एका कारखान्याला द्यायचा. तिथे त्याचे इथेनॉल होणार आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाणार. म्हणजे बघा, हा शेतकरी स्वतःला मकावाला समजतो, पण तो इंधनाच्या व्यापारात केव्हाच शिरला आहे. शेजारच्या ऊसपट्ट्याचेही तेच. साखर, इथेनॉल आणि वीज, असे तीन माल आज उसाच्या एका कांडीतून निघतात. विजेचा बाजार २००८ साली देशात सुरू झाला आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईत विजेचे वायदेही सुरू झाले. कापसाने शिरूरला लिव्हरपूलशी बांधले होते. मका आणि ऊस आज त्याला तेलाच्या बाजाराशी बांधतात.

या साखळीला धक्के कसे बसतात ते ताजेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसला. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंदच झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्याच डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले. पुढे ते काहीसे सैल झाले, पण तोवर इथेनॉलवाल्यांचे लक्ष मक्याकडे वळले होते. एका आठवड्यात कांद्याचा भाव पडतो आणि मक्याची मागणी वाढते. ज्याच्याकडे दोन्ही माल आहेत, त्याने कुठे किती उघडे पडलो आहोत हे सकाळी कसे ओळखायचे? कांद्याची वही वेगळी, मक्याची वेगळी, उचलीची तिसरी, आणि बांधलेल्या भावाचा कागद संचालकाच्या खिशात, अशी अवस्था असेल तर ते ओळखता येत नाही. सौद्यांचे आणि जोखमीचे सॉफ्टवेअर करते ते मुख्यतः एवढेच. सगळे सौदे, साठे, उचली आणि येणी एका ठिकाणी आणते, आजच्या भावाने त्यांची किंमत काढते, आणि भाव इतका पडला तर तुमचे इतके जाईल, असे आधी सांगते. बाकीची सजावट समजावी.

तेव्हा निवड करताना कोणते प्रश्न विचारायचे? मी त्याला म्हटले, १८७९ चा कायदा समोर ठेव आणि तीन कंपन्यांना विचारायला लाग.

पहिला प्रश्न, वही कुणाला वाचता येते? पडद्यावर सारे इंग्रजीत, आणि गावच्या केंद्रावर माल घालणाऱ्या बाईला तिची पट्टी कळत नसेल, तर मोडी जाऊन दुसरी मोडी आली, एवढेच. वजन, भाव, तोलाई-हमालीची कपात आणि निव्वळ रक्कम, हे मराठीत तिच्या हातात किंवा तिच्या मोबाईलवर त्याच क्षणी पडले पाहिजे. ही तिची पावती, आणि हेच तिचे पासबुक.

दुसरा प्रश्न, नोंदीच्या मागे जाता येते का? चूक प्रत्येकाकडून होते. पण दुरुस्ती करताना जुनी नोंद पुसली जाते, की खाली राहून कुणी, केव्हा, का बदलली हे सांगते? आमच्या जुन्या मुनीमजींचा दंडक होता, कीर्दीत खाडाखोड करायची नाही. चुकलेल्यावर एक रेघ ओढायची आणि शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायची. रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे. संगणकाला हा दंडक पाळता येत नसेल, तर तो मुनीमजींहून मागासलेला आहे.

तिसरा प्रश्न, वहीतला माल गोदामात आहे का? हे विचारायला लाज वाटू देऊ नका. जुलै २०१३ च्या अखेरीस मुंबईतल्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार थांबले, तेव्हा सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. पडद्यावरच्या नोंदी टापटीप होत्या. पण बऱ्याच गोदामांत दाखवलेला साठा सापडला नाही. म्हणून गोदामाची किल्ली आणि नोंदीचा अधिकार एकाच माणसाकडे नसावा, आणि महिन्यातून एकदा तरी तिसऱ्या माणसाने पोती मोजावीत. हे काम कोणतेही यंत्र करत नाही. यंत्र फक्त मोजणी राहून गेली हे ओरडून सांगू शकते.

चौथा प्रश्न, जे आजवर घडले नाही ते या यंत्राला सुचते का? २० एप्रिल २०२० ची आठवण द्यावी. टाळेबंदीने जगात तेलाला गिऱ्हाईक उरले नव्हते, साठवायला टाक्या नव्हत्या. अमेरिकेच्या बाजारात मे महिन्याच्या तेलाचा भाव शून्याच्या खाली, पिंपाला उणे ३७ डॉलर ६३ सेंटवर बंद झाला. म्हणजे माल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या! मुंबईच्या एमसीएक्स बाजारात त्या दिवशी संध्याकाळी पाचलाच कामकाज संपले होते आणि शेवटचा भाव पिंपाला ९६५ रुपये होता. सौद्यांची फेड मात्र अमेरिकेच्या भावावरून, उणे २,८८४ रुपयांनी करावी लागली. रात्री झोपताना ज्याचा जास्तीत जास्त तोटा ९६५ होता, तो सकाळी चौपट झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. भाव शून्याखाली जाऊ शकतो, ही कल्पनाच तोवर इथल्या व्यवस्थेत बसवलेली नव्हती. ती नंतर बसवावी लागली. १८६७ च्या सारा ठरवणाऱ्या अधिकाऱ्यालाही भाव उतरतील हे सुचले नव्हते. तेव्हा विक्रेत्यासमोर बसून विचारा, ‘उद्या निर्यात बंद झाली असे यात घालून दाखवा. गिऱ्हाइकाने पैसेच दिले नाहीत असे घालून दाखवा.’ जो दाखवतो त्याच्याशी बोला. जो पुढल्या खेपेला दाखवतो म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

पाचवा प्रश्न मी स्वतःच्या अनुभवाने शिकलो. ज्या एका छोट्या संस्थेचा हिशेब मी काही वर्षे पाहत होतो, तिथे आम्ही स्वस्त पाहून एक संगणकप्रणाली घेतली. चार वर्षांनी ती बदलायची ठरली, तेव्हा आमच्याच नोंदी आम्हाला काढून द्यायला त्या कंपनीने पैसे मागितले, आणि दिल्या त्याही अशा, की कुठेच जुळेनात. दोन उन्हाळी सुट्ट्या मी पावत्यांच्या गठ्ठ्यांवरून नोंदी पुन्हा उतरवण्यात घालवल्या. करार वाचला होता का? वाचला होता, पण किंमत असलेले पान तेवढे वाचले होते. आमचे राहू द्या, मोठ्यांचीही अशीच गत होते. एमसीएक्सची प्रणाली ज्या कंपनीची होती, तिच्याशी असलेला करार सप्टेंबर २०२२ मध्ये संपत होता. नवी प्रणाली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडून घ्यायची ठरली, पण ती वेळेवर तयार झाली नाही. मग जुन्या करारालाच चढ्या दराने मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ. जुलै ते सप्टेंबर २०२३ या तिमाहीत बाजाराला तोटा दाखवावा लागला. नवी प्रणाली अखेर १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली. दर तीन वर्षांनी रोखा नवा करून घेणारा सावकार आठवतो की नाही? दोष एकाच बाजूचा होता, असे मी म्हणत नाही. पण वही बदलायची तयारी वही उघडण्याच्या दिवशीच करावी लागते, एवढे यातून नक्की दिसते. म्हणून करारात लिहून घ्या, की नोंदी आमच्या, आणि त्या कोणत्याही दिवशी साध्या, वाचता येईल अशा स्वरूपात, जादा पैसे न घेता मिळतील.

एवढे सांगून झाल्यावर विद्यार्थी म्हणाला, ‘या पाच प्रश्नांत तर सर्वांत महागडी कंपनीही नापास होते, सर.’

‘आणि सर्वांत स्वस्त?’

‘तीही. मधली एकच बरी दिसते. तिच्याकडे जोखमीचे ते मोठेमोठे आलेख नाहीत, पण नोंदी हातात देते.’

मी म्हटले, ‘मग आलेखांवाचून वर्षभर काढ. तुझ्या कंपनीचे सौदे किती? चार माल आणि दोन-तीनशे सभासद. मोठ्या तेलकंपनीचा अंगरखा तुला कशाला? तो ढगळ होईल आणि शिलाई तूच भरशील. आधी मापाचा शिव. मात्र उघडे सौदे किती ठेवायचे, त्याची मर्यादा संचालक मंडळाने ठरवून भिंतीवर लाव. ती यंत्राने ठरवायची नसते.’

हे म्हणताना मला एका परदेशी कंपनीची आठवण होत होती. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला दाभोळमुळे ठाऊक आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये या कंपनीने इंधनाच्या व्यापाराची संगणकावरची पेठ उघडली. तशी पेठ तेव्हा जगात दुर्मिळ होती. भविष्यातला नफा आजच वहीत जमा धरण्याची तिची पद्धतही प्रसिद्ध होती. २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळे जाहीर केले. उत्तम यंत्र आणि खोटी नोंद यांचे एका घरात बरे जमते, हे त्यावरून जगाला कळले. वहीला डोळे नसतात, ते माणसाचे असावे लागतात.

निघताना त्याने विचारले, ‘करड्याला त्या घराची काही खूण असेल का हो?’ मी म्हटले, ‘खूण दगडात शोधू नकोस. तुझ्या गावच्या केंद्रावर एखादी म्हातारी पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी बघते, कळत नाही म्हणून घडी करून कनवटीला लावते आणि मुकाट घरी जाते, तिथे ती खूण आहे.’

तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. करारावर अजून सही केली नव्हती. मधल्या कंपनीच्या माणसाला त्याने केंद्रावर नेले होते आणि खुद्द आपल्या आईला मक्याची दोन पोती घालायला लावली होती. मोबाईलवर मराठीत पट्टी आली. आईने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, ‘हमाली दोनदा कापली की रे.’

कंपनीचा माणूस वरमला. चूक खरीच होती. जुनी नोंद रेघेखाली ठेवून ती दुरुस्त कशी होते, हे त्याने तिथेच करून दाखवले. दुसऱ्या दिवशी सही झाली.

दीडशे वर्षांपूर्वी सुप्याच्या बाजारात जमलेल्या माणसांना वही वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती जाळली. त्यांच्या पणतवंडांना ती वाचता येते. ती त्यांच्यापुढे उघडी ठेवणे, एवढेच आता आपल्या हातात आहे, आणि ते थोडे नाही.